लिफ्ट, रिबीन आणि लास्ट बट नॉट लीस्ट

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमची लिफ्ट दोन माणसांच्या मध्ये अडकली, मग तीन माणसांच्या, आणि शेवटी एका इंग्रजी वाक्प्रचारात जाऊन बसली. दोर शाबूत, मोटर नवी, दरवाजे इतके गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा; आणि तरीही ती तळमजल्यावर लाल रिबीन बांधून गप्प उभी. त्या वाक्प्रचाराची इमारतीला ओळख मी करून दिली असं आमच्या सोसायटीचे खजिनदार अजूनही चारचौघांत सांगतात. ते खरं आहे. पण आग लावणारा वेगळा आणि काडीपेटी कुठे मिळते ते सांगणारा वेगळा, एवढं तरी कोणी लक्षात घ्यावं.

मी बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या पुकारतो. माझा आवाज रोज सगळं स्थानक ऐकतं आणि त्यातलं एकही माणूस मला ओळखत नाही. एकदा मी काम आटोपून बाहेर पडत होतो, तर एका गृहस्थांनी मलाच थांबवून विचारलं, "तो भोंग्यातला माणूस आत्ता काय म्हणाला हो? काही कळेल तर शपथ." मी त्यांना तीच गाडी तोंडी पुन्हा सांगितली. त्यांनी आभार मानले आणि म्हणाले, तुमच्यासारख्या स्वच्छ बोलणाऱ्या माणसाला तिथे का बसवत नाहीत कोण जाणे. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा बायको फार वेळ हसत होती.

तर माइकची सवय असलेला माणूस म्हणून लिफ्टच्या उद्‌घाटनाचं निवेदन माझ्याकडे आलं. मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण माझी आई.

आई आमच्याकडे राहायला आली ती थोरल्या भावाकडून, गुडघे पुरते गेल्यावर. तिला खुर्चीत बसवून चौघांनी चौथ्या मजल्यावर चढवली. गाडीतून उतरवून उचलतानाच खुर्ची तिरकी झाली तेव्हा तिने घाबरून डोळे मिटले, ते वर आमच्या दारात उघडले. त्यामुळे आई ज्या इमारतीत राहत होती ती इमारत तिने बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढायची, रस्त्यावरच्या माणसांना आपल्या मनाने कामधंदा आणि सासू-सासरे वाटून द्यायची. तिला खाली जाऊन बाजार करायचा नव्हता, कोणाकडे जायचंही नव्हतं. ती म्हणायची, "मला एकदा फाटकापाशी उभं राहून वर बघायचंय. आपली खिडकी खालून कशी दिसते ते. एवढे दिवस नुसती आतूनच बघितली."

डॉक्टर म्हणाले होते की चालवत ठेवा, नाहीतर आहे तेही चालणं जाईल. चालवत ठेवायचं म्हणजे खोलीत किती चालवणार? आधी ती भिंत धरून दारापर्यंत यायची. लिफ्टचं काम सुरू झालं तेव्हा ती स्वयंपाकघरापर्यंत यायची. लिफ्ट तयार झाली तेव्हा पलंग ते खिडकी एवढाच तिचा रस्ता उरला होता. मला घाई होती ती याची.

मेकॅनिक चाचणी घ्यायला यायचा तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीआडून घूं असा आवाज वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. आईला कोणीतरी तिथपर्यंत न्यावं लागायचं. ती भिंतीला तळहात लावून डोळे मिटून उभी राहायची. "आता दुसऱ्या मजल्यावर आहे," म्हणायची. "आता आली. आता आपल्यासमोर आहे बघ." मग आम्ही दोघं तसेच थोडा वेळ उभे. स्वप्नं बघायचा रोग आमच्या घरात तिच्याकडून आलाय. मला वाटायचं की लिफ्ट चौथ्या मजल्यावर न थांबता तशीच वर जातेय, गच्चीच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर, आत पिवळा दिवा लावून, सावकाश. बायको मागून म्हणायची, "दूध उतू जातंय."

लिफ्टची किल्ली सेक्रेटरींकडे होती. मी गेलो, म्हटलं, आईला फक्त एकदा खाली नेऊन आणतो.

"उद्‌घाटनाआधी?" सेक्रेटरींनी चष्मा काढला. "अहो, आधीच कोणी बसलं तर मग उद्‌घाटन कशाचं करायचं? शिवाय साहेबांची सही व्हायची आहे. तपासणीचा दाखला आलाय, पण लिफ्ट रीतसर सुरू झाली असं विभागाच्या साहेबांनी समक्ष येऊन लिहून द्यायचंय. त्याशिवाय ती कागदोपत्री बंदच. बंद लिफ्टमध्ये आजींना कसं बसवायचं?"

मी म्हटलं, मग उद्‌घाटन लवकर करू या. सेक्रेटरी म्हणाले, उद्याच करू, फक्त नावांचा क्रम तेवढा ठरवून घेऊ.

नावं तीन होती. सेक्रेटरी, खजिनदार आणि तळमजल्यावरचे काका. कमिटीची बैठक काकांच्या घरी भरली.

"पत्रव्यवहार कोणी केला? मी," सेक्रेटरी म्हणाले. "परवानगीसाठी त्या कार्यालयाचे जिने कोणी चढले? मी. तिथेही लिफ्ट आहे, पण बंद."

"पत्रांच्या जोरावर लिफ्ट वर जात नाही," खजिनदार म्हणाले. "वर्गणी मी मागितली. मला जिन्यात बघून लोक घरातले दिवे घालवायचे. एवढा अपमान कोणी गिळलाय?"

"आणि लिफ्ट उभी कशात केली असतीत?" काका म्हणाले. "माझ्या अडगळीच्या खोलीत ना? तेव्हापासून माझी सायकल उघड्यावर आहे. परवा तिच्या टोपलीत मांजर व्यायलं."

तिघांचंही म्हणणं खरं होतं, आणि ज्या भांडणात सगळ्यांचं खरं असतं ते मिटत नाही. सेक्रेटरींनी शेवटी आपल्या अक्षरात क्रम लिहून टाकला: आधी सेक्रेटरी, मग काका, मग खजिनदार. खजिनदारांनी तो वाचला, घडी घातली, काकांच्या टीपॉयवर ठेवली आणि चहा अर्धा टाकून घरी गेले. मांडववाल्याच्या आणि माइकवाल्याच्या आगाऊ पावतीवर त्यांची सही लागणार होती. ते आता दारही उघडेनात. त्यांची बायको फटीतून सांगायची, "ते झोपलेत." भर दुपारी, सकाळी, केव्हाही. बिचारा माणूस फार झोपला त्या दिवसांत.

मला पाठवण्यात आलं. गेल्यावर मी म्हटलं, "शेवटचं नाव म्हणजे कमी असं कुठे आहे? इंग्रजीत त्यासाठी एक खास बोलणं आहे. लास्ट बट नॉट लीस्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी घेतलंय, पण मोठेपणात तसूभरही कमी नाही. मोठमोठ्या सभांत असं म्हणायची पद्धत आहे. माझंच बघा ना. पहिल्या गाडीला कोण विचारतो? ती गेली तर दुसरी आहे. शेवटची गाडी मी पुकारतो तेव्हा सगळं स्थानक कान टवकारतं."

खजिनदार पलंगावर उठून बसले. "हे तुम्ही माइकवर म्हणणार?"

"म्हणणार."

"माझ्या नावाच्या आधी?"

"अगदी लागून."

"त्या दोघांच्या नावाआधी काय म्हणणार?"

"काही नाही. नुसती नावं."

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चहा टाक." पावतीवर सही झाली. मी जिने उड्या मारत चढलो आणि आईला सांगितलं की या रविवारी नक्की. तिने पलंगाखालच्या नव्या चपला काढायला लावल्या, घातल्या आणि पाय खाली न टेकवता नुसत्याच हलवून बघितल्या.

पण चहा टाकणाऱ्या बाईंनी ते ऐकलं होतं, आणि त्यांनी पाणी भरताना शेजारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघालो तर सेक्रेटरी जिन्यात वाट बघत उभे. "मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "मला पहिलं नाव नको. माणसाने नम्र असावं. मी आपला शेवटी बरा." एक जिना खाली उतरलो तर काका. "मी सगळ्यांत वयस्कर. इतकी वर्षं काढली ती काय मध्ये घुसायला? मला शेवटी घ्या. आणि ते जे काय म्हणतात, ते जरा सावकाश म्हणा, मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं."

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारची वेळ, स्थानक पेंगलेलं, पंखा फिरतोय आणि माझ्या डोळ्यांसमोर एक मोठं मैदान, लांबच लांब खुर्च्या, आणि कोणीतरी अनोळखी माणूस माइकवर माझं नाव घेतोय. आधी पुष्कळ नावं होऊन गेलीत. मी सर्वांत मागे उभा आहे. तो म्हणतो, लास्ट बट नॉट लीस्ट... आणि हे शब्द भोंग्यातून बाहेर पडले. माझ्याच आवाजात. फलाट तीनवरच्या गाडीच्या आधी.

स्थानकात एकदम पळापळ झाली. 'लास्ट' एवढंच लोकांना कळलं होतं. भर दुपारी ती शेवटची गाडी समजून माणसं बोचकी घेऊन धावली. ज्यांना त्या गावाला जायचं नव्हतं तेही चढले. टपावर एक पलंग चढला. वाहतूक नियंत्रकांनी मला बोलावून लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की सदर शब्द हे गाडीस उद्देशून नसून आमच्या इमारतीतील खजिनदारांस उद्देशून होते. त्यांनी तो खुलासा दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि मला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

घरी सेक्रेटरींनी तोडगा काढून ठेवला होता. तिघांनाही लास्ट बट नॉट लीस्ट म्हणायचं.

"पहिल्यालाही?" मी विचारलं.

"म्हणायला काय जातंय? तोंड तुमचंच आहे."

हे इंग्रजीत चालतं का, असा प्रश्न निघाला. पहिल्या मजल्यावर बाई राहतात. जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अजून कोणी दारावरची घंटा वाजवली की तास सुरू झाल्यासारख्या उठतात. आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आम्हाला एका रांगेत बसवलं.

"वाक्प्रचार?" त्या म्हणाल्या.

"लास्ट बट नॉट लीस्ट," खजिनदार म्हणाले.

"अर्थ?"

"शेवटचा, पण सगळ्यांत मोठा."

"चूक. शेवटचा, पण कमी नाही. मोठा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आता उपयोग. एका कार्यक्रमात एकदाच वापरायचा, आणि शेवटच्यालाच. तिघंही शेवटचे कसे असतील? दारातून एकदम बाहेर पडा बघू तिघं." मग त्या जरा थांबल्या आणि खिडकीबाहेर बघत, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तसा तो कोणाला लावतात, हेही बघण्यासारखं आहे. ज्याच्याबद्दल लोकांच्या मनात शंका येण्याचा संभव असतो, त्यालाच लावावा लागतो. पहिला नंबर काढणाऱ्या मुलाच्या आईला मी कधी म्हणाले नाही, की तुमचा मुलगा काही ढ नाही. ते मी ज्यांच्या आईला म्हणायचे, त्यांचे चेहरे अजून आठवतात. गोड मुलं होती."

खजिनदारांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही मला ढ म्हणालात," ते म्हणाले. "माझ्या घरात येऊन. आणि वर चहा प्यालात."

त्या संध्याकाळपासून शेवटचं नाव कोणालाच नको झालं, आणि पहिलं मागायची आता सोय नव्हती, कारण प्रत्येकाने ते नम्रपणे नाकारून ठेवलं होतं. रविवार गेला. रविवार यायचे आणि जायचे. इमारतीतला प्रत्येक माणूस मला जिन्यात गाठून सल्ला द्यायचा. कोणी म्हणे चिठ्ठ्या टाका, कोणी म्हणे उंचीप्रमाणे घ्या, कोणी म्हणे ज्याचा गुडघा जास्त दुखतो तो पहिला. हा शेवटचा सल्ला मला पटला होता. पण मग पहिलं नाव आईचं लागलं असतं आणि आई कमिटीत नव्हती.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का सुरू?" मी म्हणायचो, होईल. मग एके दिवशी तिने विचारलं नाही. मी वाट बघितली, चपला काढल्या, मुद्दाम दोनदा खाकरलो. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्यांची भांडणं मिटू देत रे. मला काही घाई नाही." त्या दिवशी ती पलंगावरून खिडकीशी बायकोच्या आधाराने आली होती, एकटी नाही. मला फार वाईट वाटलं. राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

बायको भांडी विसळत म्हणाली, "तुम्ही नुसतं पुकारत बसा. गाडी नेहमी दुसरंच कोणीतरी घेऊन जातं."

ते बोलणं मला झोंबलं, पण त्याचा उपयोग झाला. रात्री मला कल्पना सुचली आणि सकाळीही ती चांगली वाटली, हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं. पत्रिका गोल छापायची! नावं कडेकडेने. गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. पहिला कोणी नाही, शेवटचा कोणी नाही. तिघांनीही कल्पना उचलून धरली. एकट्या छापखानेवाल्याने कुरकुर केली. "गोल कापायला वेगळा साचा लागेल. आणि वाचायचं कुठून?"

"कुठूनही."

"म्हणजे वाचणारा गरगरणार."

पत्रिका सुरेख झाली. सेक्रेटरींनी ती आपल्या दारावर स्वतःचं नाव वर येईल अशी चिकटवली. काकांनी आपल्या दारावर चिकटवताना ती थोडी फिरवून घेतली. खजिनदारांनीही घेतली. तिन्ही मजल्यांवर कशी शांतता नांदत होती! मला वाटलं, जगातले सगळे कागद असेच गोल असते तर किती बरं झालं असतं. आणि पत्रिका घेऊन मी साहेबांच्या कार्यालयात गेलो.

साहेबांच्या पीएंनी ती उलटसुलट करून बघितली. "हे काय? डब्याचं झाकण आहे?"

"कार्यक्रमपत्रिका."

"साहेबांचं नाव कुठंय?"

"मध्यभागी," मी म्हटलं. पीए जरा खूश झाले. पण फाईल काढून ते पत्रिका आत बसवायला लागले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "गोल कागद फायलीला लागत नाही हो. छिद्रं कुठे पाडू? सरळ कागदावर टाइप करून आणा. क्रमवार. आणि साहेब शेवटी बोलतात, पण शेवटचे म्हणून नव्हे, हे तुमच्या माणसांना नीट सांगून ठेवा."

मी तिथल्या बाकावर बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि धुळीच्या कणांत कोण पुढे, कोण मागे हे काही केल्या ठरत नव्हतं. मग मी उठलो, टायपिस्टशेजारी गेलो आणि तिन्ही नावं एकाच ओळीत, एकाला एक चिकटून, मध्ये जागा न सोडता टाइप करून घेतली. ते एकच लांबलचक आडनाव दिसत होतं. पीएंनी छिद्रं पाडली. तारीख मिळाली.

राहिला प्रश्न बोलण्याचा. कागदावर चिकटवता येतं, तोंडात कसं चिकटवणार? मी तिन्ही नावं एका दमात म्हणायची असं ठरवलं आणि स्थानकात त्याचा सराव केला. तीन गावं एका दमात पुकारली. नियंत्रकांनी दुसरा खुलासा मागितला.

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी इमारतीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. फाटकापासून लिफ्टपर्यंत सतरंजी, दरवाज्यावर लाल रिबीन, रिबिनीजवळ तबकात कात्री. ठरलं असं होतं, की साहेब रिबीन कापतील, बटण दाबतील, वर जाऊन खाली येतील, सही करतील, आणि मग माझी बायको आईला घेऊन उतरेल. मेकॅनिकने किल्ली फिरवून वीज सुरू केली आणि तो चहा प्यायला गेला. साहेबांचा पत्ता नव्हता. सेक्रेटरींनी मला खुणेने सांगितलं, ताणा.

मी ताणलं. शेवटी करायचं ते आभारप्रदर्शन आधीच सुरू केलं, कारण त्याला अंत नसतो. खुर्चीवाल्यांचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले, छापखान्याचे मानले, सायकलीतल्या मांजरीचा उल्लेख केला. बाई पुढच्या रांगेत बसून माझी वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत होत्या. हळूहळू आभार मानायचं कोणी उरेना. तिघं व्यासपीठावर ताठ बसले होते. आता आपलीच वेळ हे त्यांना कळलं, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर अशी काही भीती दिसली की मला त्यांची दया आली. मी मोठा श्वास घेतला. इतक्या दिवसांचा सराव; पण सवय फार वाईट. माझ्या तोंडातून निघालं, "आणि लास्ट..."

तिघांनी एकदम खुर्च्यांचे हात धरले. मी थांबलो. भोंग्यातून माझा नुसता श्वास ऐकू येत होता.

आणि माझ्या मागे भिंतीतून घूं असा आवाज सुरू झाला. आधी वर गेला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग खाली येऊ लागला, सावकाश, एकेक मजला मोजत. सगळे लिफ्टकडे बघत होते. रिबीन खाली होती. चौथ्या मजल्यावर रिबीन बांधायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वर तयार होऊन दारात खुर्चीवर बसलेल्या आईने बटणात दिवा लागलेला पाहिला आणि ती बायकोला म्हणाली, "आला बघ दिवा. चल." एवढंच.

दरवाजा उघडला. आत पिवळ्या उजेडात आई उभी होती. एका हाताने तिने बायकोचा खांदा धरला होता, पायात नव्या चपला. समोर रिबीन बघून ती थबकली. मला वाटलं, आता सेक्रेटरी ओरडणार. पण काका उठले, खजिनदार उठले, सेक्रेटरीही उठले, आणि तिघांनी मिळून ती रिबीन वर उचलून धरली. कात्री तबकात तशीच राहिली. आई त्यांच्या हातांखालून वाकून बाहेर आली. "थँक्यू हं," म्हणाली, तिघांना मिळून एकदाच.

ती बायकोच्या खांद्याला धरून सतरंजीवरून चालत गेली. फार वेळ लागला. माझे डोळे भरून आले होते आणि माइक समोर असल्यामुळे मला नाकही ओढता येईना. फाटकापाशी पोचून ती वळली, मान वर केली. तिच्यामागोमाग आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. त्याच वेळी साहेब फाटकातून आत आले, आणि सगळे वर बघतायत म्हणून तेही पीएंसकट वर बघू लागले.

मी धावत तिच्याजवळ गेलो. "काय गं?"

"एवढीशी?" आई म्हणाली. ती हसली, पण नीट हसली नाही. "केवढीशी आहे रे आपली खिडकी. मी आपली म्हणत होते, खालचं कोणी वर का बघत नाही."

मग तीच म्हणाली, "पण रिकामी खिडकी बघून काय कळणार? जा बरं वर. उभा राहा तिथे."

"आई, अगं कार्यक्रम चाललाय."

"चालू दे. तुझं कुठे नाव आहे त्यात?"

ते खरंच होतं. तिन्ही नावांत, गोल पत्रिकेत, सरळ पत्रिकेत, मी कुठेच नव्हतो. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि चार नंबरचं बटण दाबलं. दार लागल्यावर सगळे आवाज मागे राहिले. लिफ्ट मला घेऊन वर निघाली, आणि वाटेत एकदा असं वाटलं की ती थांबूच नये. पण ती थांबली, शहाण्यासारखी.

घरात अंधार होता. दिवा न लावता मी खिडकीशी गेलो, आईच्या खुर्चीमागे उभा राहिलो. खाली दिव्यांत माणसं दिसत होती, सगळ्यांची नुसती डोकी. त्यातलं सेक्रेटरींचं कोणतं आणि साहेबांचं कोणतं ते काही ओळखू येईना. आई तेवढी ओळखू येत होती. डोळ्यांवर हात धरून ती काहीतरी ओरडत होती. मला ऐकू येत नव्हतं. मग बायकोने तिला धरून माइकपाशी आणलं, खजिनदारांनी माइक वाकवून तिच्या तोंडापाशी धरला, आणि आईचा आवाज भोंग्यातून सगळ्या रस्त्यावर पसरला.

"अरे, असा मागे काय उभा राहिलायस? पुढे ये. दिवा लाव."

मी दिवा लावला. खुर्ची बाजूला केली आणि अगदी गजांपाशी जाऊन उभा राहिलो.

"हां," आई म्हणाली. "आता दिसलास."